आधी दोरी, मग सूत्र

स्मरणिकेत आठवणी असाव्यात, गौरव असावा आणि पुढच्या वाटचालीविषयी चार शब्द असावेत, अशी रीत आहे. आठवणी आणि गौरव लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. शाळेत विज्ञान शिकवणारे आम्ही सहकारी मात्र तिसऱ्या कामासाठी या पानांवर आलो आहोत. विषय वरकरणी लहान आहे : दोरीने जोडलेले ठोकळे, कप्प्या आणि स्प्रिंगा यांवरची गणिते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ही गणिते जेमतेम काही पाने व्यापतात. परंतु आपली मुले विज्ञानाकडे जातात की विज्ञानापासून दूर होतात, याचा निर्णय बऱ्याचदा याच पानांवर होतो, असे आमचे निरीक्षण आहे.

पालकसभांत एक सूचना पुन्हा पुन्हा येते. नववी-दहावीच्या मुलांचा वेळ बलांच्या गणितांत घालवू नये; सूत्रांची एक छोटी वही छापून द्यावी; मुलांनी ती पाठ करावी आणि उरलेला वेळ खात्रीच्या गुणांसाठी वापरावा. काही माजी विद्यार्थ्यांनीही हेच सुचवले आहे. सूचनेमागे मुलांची काळजी आहे. शहरातल्या शिकवणी वर्गांचे शुल्क किती असते आणि पाड्यावरच्या घराला ते कसे परवडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणून या सूचनेचा आदर राखूनच आम्ही सांगतो की ती स्वीकारू नये. उलट, जोडलेल्या वस्तूंची गणिते नववी-दहावीतच, मराठीत, मुलांच्या हातात प्रत्यक्ष दोरी आणि कप्पी देऊन, सावकाश शिकवावीत. असे का, ते सविस्तर मांडतो.

ताण किती?

एक साधे गणित घेऊ. गुळगुळीत टेबलावर ३ किलोग्रॅमचा ठोकळा आहे. त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेवरील कप्पीवरून खाली येते आणि तिच्या टोकाला २ किलोग्रॅमचे वजन लटकते. हात सोडला की दोरीतला ताण किती? सोयीसाठी गुरुत्व त्वरण १० मी/से² धरू.

वर्गात पहिले उत्तर येते ते २० न्यूटन. लटकणारे वजन २० न्यूटनचे, म्हणून ताणही तेवढाच. इथे सूत्र सांगून टाकण्याचा मोह शिक्षकाने आवरावा आणि एवढेच विचारावे : ताण खरोखर २० न्यूटन असेल, तर लटकत्या वजनावर खाली २० आणि वर २०, मग त्याचा वेग वाढेल का? मुले क्षणभर थांबतात. वजन वेगाने खाली जाते, हे तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. म्हणजे ताण २० पेक्षा कमी असला पाहिजे. मग शून्य असेल का? शून्य असेल, तर टेबलावरचा ठोकळा जागचा हलणार नाही. अजून एकही सूत्र लिहिलेले नाही, तरी उत्तर ० आणि २० यांच्यामध्ये आहे हे वर्गाने स्वतः ठरवलेले असते.

यानंतर दोन ओळी पुरतात. लटकत्या वजनासाठी : २० वजा ताण, बरोबर २ गुणिले त्वरण. टेबलावरच्या ठोकळ्यासाठी : ताण बरोबर ३ गुणिले त्वरण. दोरी ताणत नाही, म्हणून दोघांचे त्वरण एकच. दोन्ही ओळींची बेरीज केली की ५ गुणिले त्वरण बरोबर २०. त्वरण ४ मी/से² आणि ताण १२ न्यूटन. मग शेवटचा प्रश्न विचारावा : टेबलावर ३ किलोग्रॅमऐवजी ३०० किलोग्रॅमचा दगड ठेवला तर? ताण २० च्या अगदी जवळ जातो, कारण आता वजन जवळजवळ खिळ्याला टांगल्यासारखे आहे. ३ ग्रॅमची काडेपेटी ठेवली तर? ताण जवळजवळ नाहीसा होतो. उत्तराची अशी दोन्ही टोके तपासून पाहणारा विद्यार्थी पुढे कोणत्याही गणितात सहसा फसत नाही.

या रीतीत मुख्य काम एकच आहे. प्रत्येक वस्तू बाकीच्यांपासून सुटी करून तिचे चित्र काढायचे आणि तिच्यावर कोण कोण बल लावते ते बाणांनी दाखवायचे. पृथ्वी खाली ओढते, दोरी आपल्या दिशेने ओढते, टेबल वर ढकलते. इंग्रजी पुस्तके ज्याला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात, त्याला आम्ही वर्गात सुटी आकृती म्हणतो. प्रत्येक बाणापाशी मुलाने 'हे बल कोणाचे?' याचे उत्तर लिहायचे. ज्या बाणाला धनी सापडत नाही, तो खोडायचा. 'गतीचे बल' नावाचा एक बाण मुले हमखास काढतात. त्याला धनी नसतो आणि तो या नियमाने आपोआप गळून पडतो.

आपल्या मुलांना अशी आकृती अवघड जाईल, असे म्हणणाऱ्यांनी डहाणू-तलासरीतील घरांच्या भिंती आठवाव्यात. वारली चित्रकार माणूस काढतो तो टोकाला टोक जुळवलेल्या दोन त्रिकोणांचा. नाक-डोळे, कपडे, सावली सारे गाळून तो वाकणे, उचलणे, नाचणे एवढेच ठेवतो. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा याच काटकसरीचा देशाने सन्मान केला. सुटी आकृतीही तेच करते : ठोकळ्याचा रंग, आकार, लाकूड सारे बाजूला ठेवून फक्त बले उरवते. अनावश्यक गाळून आवश्यक तेवढे रेखाटण्याची सवय ज्या मुलांच्या घरच्या भिंतीवर आहे, त्यांना ही आकृती परकी वाटण्याचे कारण नाही.

घोलवडचा फलाट

जोडलेल्या वस्तूंचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या दाराशी आहे. घोलवड स्थानकावरून पश्चिम रेल्वेच्या मालगाड्या रात्रंदिवस जातात. थांबलेली मालगाडी सुटताना खडखड असा आवाज इंजिनापासून मागच्या डब्याकडे धावत जातो, हे आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकले आहे. डब्यांच्या जोडांमध्ये थोडी ढिलाई असते. एकेक जोड ताणला जातो आणि एकेक डबा चालू लागतो. तो आवाज म्हणजे ताण एका डब्याकडून पुढच्या डब्याकडे पोहोचत असल्याची खूण होय.

आता गणित. सारख्या वस्तुमानाचे तीन डबे आहेत, घर्षण सोडून देऊ, आणि इंजिन पहिल्या डब्याला ६० एककांच्या बलाने ओढते. इंजिन आणि पहिला डबा यांच्यातल्या जोडावर ६०, पहिल्या-दुसऱ्यामध्ये ४०, दुसऱ्या-तिसऱ्यामध्ये २० एवढा ताण येतो. प्रत्येक जोडाला त्याच्या मागे असलेल्या साऱ्या डब्यांना गती द्यावी लागते. म्हणून गाडी लांब झाली की सर्वांत पुढचा जोड सर्वांत मजबूत हवा. मुलांना हे एकदा समजले की पुस्तकातले तीन ठोकळ्यांचे गणित ते वाचतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गाडी असते.

याच उदाहरणातून दुसरी गोष्ट शिकवता येते. संपूर्ण गाडी ही एकच वस्तू मानली, तर डब्यांमधले ताण हिशेबात येतच नाहीत. पुढचा डबा मागच्याला जेवढा ओढतो, तेवढाच मागचा पुढच्याला ओढतो आणि दोन्ही एकमेकांना फेडतात. त्वरण हवे असेल, तर सगळी गाडी एकत्र घ्यावी. मधल्या जोडावरचा ताण हवा असेल, तर त्या जोडापाशी मनाने गाडी तोडून एक भाग सुटा पाहावा. सीमारेषा कुठे आखायची हे ठरवणे, एवढेच या प्रकरणातले कौशल्य आहे. ते पाठांतराने येत नाही. पाच-दहा गाड्या मनाने तोडून पाहिल्या की येते.

कप्पीचेही तसेच. विहिरीवरची एक स्थिर कप्पी श्रम निम्मे करत नाही. ओढण्याची दिशा तेवढी बदलते, म्हणजे वर खेचण्याऐवजी अंगाचा भार टाकून खाली खेचता येते. जिथे कप्पी नाही, तिथे दोर विहिरीच्या काठावर घासतो आणि बायांचे निम्मे बळ त्या घासण्यातच जाते, हे पाणी भरणाऱ्या मुलींना पुस्तकापूर्वीच ठाऊक असते. बळ खरोखर कमी लागते ते भारासोबत हलणाऱ्या कप्पीमुळे. तिथे भार दोन पदरांवर विभागला जातो, आणि त्याची किंमत म्हणून भार १ मीटर वर चढण्यासाठी दोर २ मीटर ओढावा लागतो. गॅरेजमधल्या चेन कुप्पीने एकटा माणूस गाडीचे इंजिन उचलतो ते याच व्यवहारावर : बळ थोडे, साखळी पुष्कळ.

स्प्रिंग घाई करत नाही

स्प्रिंग आली की मुले गोंधळतात, कारण ती दोरीसारखी दिसते पण दोरीसारखी वागत नाही. हा फरक एका गणिताने स्पष्ट होतो. छताला दोरी, दोरीला १ किलोग्रॅमचा ठोकळा, त्याच्याखाली स्प्रिंग आणि स्प्रिंगला आणखी १ किलोग्रॅमचा ठोकळा लटकलेला आहे. सारे स्थिर आहे. वरची दोरी कापली. त्या क्षणी दोन्ही ठोकळ्यांचे त्वरण किती?

'दोन्ही १०' हे उत्तर सगळीकडून येते. सुटी आकृती काढली की चित्र बदलते. स्प्रिंगचे बल तिच्या लांबीवर अवलंबून असते आणि लांबी बदलायला वेळ लागतो. म्हणून दोरी कापल्या क्षणी स्प्रिंग पूर्वीइतक्याच, म्हणजे १० न्यूटन बलाने ओढत असते. खालच्या ठोकळ्यावर वर १० आणि खाली १० : त्याचे त्वरण शून्य. वरच्यावर स्वतःचे वजन १० आणि स्प्रिंगची खालची ओढ १० : त्याचे त्वरण २० मी/से², म्हणजे मोकळ्या पडणाऱ्या दगडाच्या दुप्पट. आता मांडणी उलटी करू. वर स्प्रिंग, दोन ठोकळ्यांमध्ये दोरी, आणि मधली दोरी कापली. खालचा ठोकळा १० मी/से² त्वरणाने पडतो आणि वरचा तेवढ्याच त्वरणाने वर उसळतो. दोरीतला ताण क्षणात नाहीसा होतो. स्प्रिंगचे बल मात्र तिच्या लांबीसोबतच बदलते. एवढा एक भेद समजला, तर स्प्रिंगची बहुतेक गणिते उलगडतात.

दुसरा प्रयोग आम्ही दरवर्षी करावा असे म्हणतो. टेबलाच्या दोन्ही कडांना कप्प्या लावाव्यात, मध्ये ताणकाटा आडवा ठेवावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना बांधलेल्या दोऱ्यांना १-१ किलोग्रॅमची वजने लटकवावीत. काटा किती दाखवील? मापन करण्याआधी वर्गाचे मत घ्यावे. काही हात शून्यासाठी वर होतात, काही दोन किलोंसाठी. काटा १ किलोग्रॅम दाखवतो. भिंतीतल्या खिळ्याला काटा अडकवून आपण १ किलो टांगतो, तेव्हा खिळाही काट्याला तेवढ्याच बलाने ओढत असतो. इथे दुसरे वजन खिळ्याचे काम करते, इतकेच. ज्या मुलाने शून्य म्हटले होते, तो हा प्रयोग विसरत नाही. आपले मत आधी मांडावे, मग काट्याकडे पाहावे, आणि काटा वेगळे सांगत असेल तर मत बदलावे, ही शिस्त विज्ञानापुरती मर्यादित नाही, हे या शाळेच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दोन उंबरठे एकदम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दहावीपर्यंत आपली मुले मराठीत शिकतात. त्यांतील अनेकांची घरची बोली वारली, धोडी किंवा मांगेली असते; म्हणजे प्रमाण मराठी हाही त्यांच्यासाठी एक प्रवासच असतो. अकरावीला विज्ञान शाखा घेतली की पुस्तक इंग्रजी होते आणि नेमके त्याच वर्षी जोडलेल्या वस्तूंची गणिते गंभीरपणे सुरू होतात. भाषा नवी आणि कल्पनाही नवी, असे दोन उंबरठे एकाच पावलात ओलांडावे लागतात. पुष्कळ मुले इथे अडखळतात, आणि आपल्याला भौतिकशास्त्र जमत नाही अशी स्वतःची समजूत करून घेतात.

वास्तविक अडचण अनेकदा शब्दांची असते. 'टेन्शन' हा शब्द मुलाला काळजी म्हणून माहीत असतो. दोरीचे टेन्शन काढा, म्हणजे काय काढायचे? 'नॉर्मल' म्हणजे नेहमीसारखे, असे तो समजतो; इथे त्याचा अर्थ पृष्ठभागाला लंब असा असतो. 'लाइट' म्हणजे दिवा. गणितात मात्र 'लाइट स्ट्रिंग' म्हणजे जिचे वजन हिशेबात धरायचे नाही अशी दोरी. मराठीत ताण म्हणजे ताणच, आणि दोर ताणलेला आहे की सैल, हे मच्छीमाराच्या किंवा बागायतीत राबणाऱ्या घरातल्या मुलाला बोटांनी कळते. ज्या भाषेत शब्द आणि अनुभव एकत्र नांदतात, त्या भाषेत कल्पना एकदा पक्की झाली की अकरावीला फक्त नव्या नावांची ओळख उरते. एका उंबरठ्याला अडखळणारे मूल थोडे असते. दोनाला अडखळणारी बरीच.

हा आमचाच तर्क आहे असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेअंतर्गत १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रा. वि. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नावर दीर्घ काम केले. १९८०च्या दशकात केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काम केले. विज्ञान समजण्यात भाषा हा मोठा अडसर असतो आणि तो दूर करणारी साथ मिळाली की हीच मुले परीक्षेतही पुढे येतात, हे त्या कामातून पुढे आले. आपल्या समाजातल्या मुलांविषयी झालेल्या या कामाची आठवण ठेवणे आपले कर्तव्य आहे.

मराठीत शिकून स्पर्धा परीक्षेत काय उपयोग, असा प्रश्न येतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून आणि अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. तरीही आम्ही असे म्हणत नाही की इंग्रजी टाळावी. उच्च शिक्षणाला ती लागतेच. आमचे म्हणणे एवढेच की इंग्रजी शब्द समजलेल्या कल्पनेवर चढवावा. न समजलेल्या कल्पनेवर चढवलेला शब्द टिकत नाही.

साधने कुठून आणावीत?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसरात पूर्वी देऊन झाले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने गावात परवडत नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. शंख-शिंपले, बिया, दगड, पाने यांतून त्यांनी साधने घडवली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. बालवाडीला जे लागू पडले, ते यांत्रिकीलाही लागू पडते.

यासाठी खर्चिक प्रयोगशाळा लागत नाही. कपडे वाळत घालण्याच्या दोरीच्या छोट्या कप्प्या, वाळूच्या पिशव्या, सुतळी, एक ताणकाटा, मोबाइलमधले घड्याळ आणि चिकूच्या रिकाम्या खोक्यांतून केलेले ठोकळे एवढ्यावर सारे प्रकरण उभे राहते. एका प्रयोगाचा तपशील देतो. कप्पीवरून एक दोरी सोडून तिच्या एका टोकाला १ किलोग्रॅमची आणि दुसऱ्या टोकाला १.१ किलोग्रॅमची वाळूची पिशवी बांधावी. केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूड यांनी १७८४ च्या आपल्या ग्रंथात अशाच यंत्राचे वर्णन केले आहे. मोकळी पडणारी वस्तू डोळ्यांना मोजता येत नाही इतकी झपाट्याने पडते, म्हणून त्यांनी दोन जवळजवळ सारखी वजने एकमेकांना बांधून ते पडणे संथ केले. आपल्या मांडणीत ओढणारा फरक फक्त ०.१ किलोग्रॅमचा आणि हलवायचे वस्तुमान २.१ किलोग्रॅमचे, म्हणून त्वरण सुमारे ०.४७ मी/से² येते. दीड मीटर उतरायला हिशेबाने सुमारे अडीच सेकंद लागतात. मोकळा दगड तेवढेच अंतर अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक वेळात पडतो.

प्रत्यक्ष मोजल्यावर वेळ अडीच सेकंदांपेक्षा जास्त भरते. मुले म्हणतात, गणित चुकले. इथे खरा पाठ सुरू होतो. गणितात कप्पी घर्षणरहित आणि वजनरहित धरली होती. आपली कप्पी घासते, आणि तिला स्वतःला फिरवायलाही बळ लागते. पुस्तकातली 'हलकी, न ताणणारी दोरी' ऐकून मुले हसतात, की अशी दोरी कुठल्या दुकानात मिळते? ती कुठेच मिळत नाही. आपण काय काय सोडून दिले, त्याची ती प्रामाणिक नोंद असते. मोजलेली वेळ आणि काढलेली वेळ यांतल्या फरकात सोडून दिलेल्या गोष्टी आपला हिशेब मागतात. तेल घालून कप्पी पुन्हा फिरवली आणि वेळ कमी झाली, की घर्षण हा शब्द त्या वर्गाला पुन्हा समजवावा लागत नाही.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप परीक्षेचा. सूत्रे पाठ असतील, तर गुण लवकर मिळतात, असे म्हणतात. टेबलाच्या कडेचे एक सूत्र, दोन लटकत्या वजनांचे दुसरे, उताराचे तिसरे, लिफ्टमधल्या कप्पीचे चौथे, तिसरा ठोकळा जोडला की पाचवे : या यादीला अंत नाही, आणि प्रश्न काढणारा यादीबाहेरची मांडणी शोधतच असतो. सुटी आकृती मात्र या सगळ्यांना एकच आहे. पाठांतराची शक्ती वाचवायची असेल, तर तीच काटकसरीची वाट आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा. या पद्धतीने एका तासात दोन गणिते होतात, पाठांतराने दहा, हे खरे आहे. पण पाठ केलेली दहा सुट्टीनंतर पुन्हा करावी लागतात. निवासी शाळेत संध्याकाळचा अभ्यासाचा तास आपल्या हाती असतो; शहरातल्या शाळांना ही सवलत नाही. त्यातले आठवड्याचे दोन तास या कामाला द्यावेत, एवढीच आमची मागणी आहे.

तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही, पण ऐकू येतो : आपल्या मुलांना हे झेपणार नाही, त्यांनी सोपी शाखा घ्यावी. मुलींच्या बाबतीत तो अधिक ऐकू येतो. याला आम्ही ठाम विरोध करतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले, तेव्हा ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते. आपल्या मुलांनी सोप्यातच समाधान मानावे, असा विचार त्या पायाभरणीत नव्हता. ज्या मुलीने दहा वर्षांची असल्यापासून विहिरीचा दोर ओढला आहे, तिला ताण समजत नाही असे म्हणणे हा तिच्या हातांचा अपमान आहे. तिच्यापाशी अनुभव आहे. त्याला आकृती आणि समीकरण देणे हे आमचे काम आहे.

आपणाकडून अपेक्षा

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी. आपल्यापैकी कोणी रेल्वेत आहे, कोणी तारापूरच्या कारखान्यांत, कोणी डहाणूच्या औष्णिक वीज केंद्रात, कोणी गॅरेजमध्ये, कोणी मासेमारीच्या बोटीवर. आपण रोज ज्या क्रेन, कुप्पी, साखळ्या, स्प्रिंगा हाताळता, त्यांविषयी वर्षातून एकदा नववीच्या वर्गाशी बोलावे. भाषण नको, एखादी जुनी कप्पी किंवा झिजलेली स्प्रिंग सोबत आणावी आणि ती काय सोसते ते सांगावे. देणगी द्यायची असेल, तर सूत्रांच्या वह्या छापण्याऐवजी दहा कप्प्या आणि पाच ताणकाटे द्यावेत.

पालकांना विनंती अशी. सुट्टीत मूल घरी आले की किती गुण मिळाले एवढेच विचारून थांबू नका. विहिरीपाशी, बोटीपाशी, बैलगाडीपाशी त्याला विचारा : इथे कोण कोणाला ओढते? त्याने आपल्या घरच्या बोलीत उत्तर दिले तरी चालेल; तिथे ते अधिक नेमके येईल. आणि मुलीला विज्ञान घ्यायचे असेल, तर 'झेपेल का?' हा प्रश्न तिच्या शिक्षकांना विचारा, तिला नको.

आमच्या बाजूने आम्ही एक गोष्ट करू इच्छितो. येत्या वर्षापासून दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने निरोप समारंभापूर्वी जोडलेल्या वस्तूंचे एक गणित फळ्यावर सोडवून दाखवावे : आधी वस्तू हातात घेऊन, मग सुटी आकृती काढून, मग समीकरण मांडून, आणि शेवटी उत्तराची दोन्ही टोके तपासून. भाषा त्याची स्वतःची असावी. त्या दिवशी पालकांनीही वर्गात बसावे आणि न समजेल ते निःसंकोच विचारावे. दोरीच्या एका टोकाला आम्ही शिक्षक आहोत, दुसऱ्या टोकाला आपण आहात. मुलाला पुढे न्यायचे असेल, तर दोर दोन्हीकडून ताठ हवा.

— विज्ञान शिक्षकवृंद